शिवणीवर

ओशच्या इस्पितळात, मंगळवारी, दुसऱ्या टेबलावर
ओयनिसा-ओपा, वय त्र्याहत्तर, आर्सलानबोबच्या अक्रोडवनातली.
मोत्यासारखं त्या मोतीबिंदूत काहीच नव्हतं;
उकळून काळ्या झालेल्या चहाचा रंग,
आणि खडीसाखरेहून टणक.

उजवा डोळा मी मागल्या महिन्यात केला,
वालेन्तिन अर्कादियेविच शिकवून गेले तसा:
आधी एक चर, मग आडवा दुसरा,
फुलीवर ताण द्यायचा, चार फोडी.
अल्ट्रासाऊंडची सुई पुढे-मागे धडकत राहिली,
चर खोल जाईना.
यंत्र सेकंद मोजत होतं. मी मनात मोजत होते
कॉर्नियाच्या आतल्या पेशी,
ज्या गेल्या की परत उगवत नाहीत.
पट्टी काढल्यावर ती म्हणाली,
"धुकं आहे गं. पण चांगलं धुकं आहे."
आठ दिवस होतं ते. आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

त्यातच एकदा तिने रुमालाच्या गाठीतून अक्रोड काढला.
हातोडी मागितली नाही. सुरीचं टोक
शिवणीत घातलं, मनगट जरासं वळवलं,
टक्.
"ठोकलंस तर गराचा चुरा होतो, डॉक्टर."
हे मी पुस्तकात वाचलं होतं,
परिषदेत त्यावर टाळ्याही वाजवल्या होत्या.
हात मात्र जुन्याच वाटेने जायचा.

आज डावा.
सुई गाभ्यात रोवली, पंपाला धरून ठेवू दिलं,
कडेने आकडी आत नेऊन सुईकडे ओढली.
ही सुई धडका देत नाही, जागच्या जागी आडवी डोलते.
चीर गेली. पण तळाशी
चामट धागे, ओल्या लाकडाचे असतात तसे,
सुटायला तयार नाहीत.
परिषदेतल्या चित्रफितीत हे नव्हतं.
पुन्हा आकडी, थोडी खोल.
खाली पडदा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
नर्स झूराने श्वास रोखलेला मला ऐकू आला.

सुटले.

कागदावर दोन आकडे. डाव्याचा, उजव्याच्या निम्म्याहून कमी.
पुढच्या रकान्यात मी लिहिलं,
एका बाईच्या दोन डोळ्यांवरून काही सिद्ध होत नाही.
खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

सकाळी तिने एकेक डोळा झाकून
खिडकीतला डोंगर पाहिला, मग चहाचा पेला, मग मला.
"कुठला बरा?" मी विचारलं.
"तुझ्या कपाळावरचा हा व्रण," ती म्हणाली,
"दोन्हींत दिसतो. कसा झाला?"