सातवा दात

रितेन मढवीने माझ्या मोबाईलमध्ये पाच ट्रॅक टाकून दिले.
नावं नकोत, म्हणाला, आधी ऐका काकी,
नावाने कान लबाड होतात.

मी सव्वीस वर्षं रबाळ्यात बेअरिंगा ऐकल्या.
कामच ते. स्टीलचा गज, एक टोक मशीनवर,
दुसरं कानामागच्या हाडावर,
आणि सांगायचं, चालेल, नाही चालणार.
नाही चालणार तर लाल खडू.
संगीत म्हणाल तर घणसोलीच्या हळदीतला बेंजो,
तोही गच्चीवरून, वाळलेले कपडे काढता काढता.

पहिला ट्रॅक. धप्, धप्, धप्, धप्.
मिनिटाला एकशे अठ्ठावीस, रितेन म्हणाला.
मी म्हटलं, हा तर ग्रीस नीट भरलेला पंप.
तो हसला. मी गंमत करत नव्हते.
पंप नीट चालत असला की त्याच्याशेजारी बसून
डबा खाता येतो, डुलकी लागते,
सकाळचं भांडण कुणाशी झालं ते आठवत नाही.
तेवढं सुख ह्या ठोक्यात आहे. ऐकाच.

दुसरा निम्म्यावर सोडला.
नुसता चकचकाट, भार कशावरच नाही.
लाल खडू.

तिसऱ्यात एक बाई एकच शब्द म्हणते, तोही अर्धा,
कुठल्या भाषेतला कोण जाणे,
परत म्हणते, परत, बारीक होत जाते
आणि सगळं बंद.
मला वाटलं मोबाईल मेला.
थांबा काकी, रितेनने बोट वर केलं.
हे थांबणं मला माहीत आहे.
लाईट गेली की शेडमध्ये असंच व्हायचं.
शंभर मोटरी एकदम मुक्या,
कुणाच्या तरी बांगड्या तेवढ्या वाजायच्या,
सगळ्यांच्या माना जनरेटरकडे,
सात, आठ, नऊ,
मग तो जमिनीतून वर यायचा, तळपायातून.
ह्याला ड्रॉप म्हणतात, रितेन म्हणाला.
आम्ही नार्वेकर म्हणायचो.
हँडल तेच मारायचे.

चौथा लांबलचक आहे.
हा रात्री पाम बीच रस्त्यावर, गाडीत ऐकायचा असतो म्हणे.
माझ्याकडे गाडी नाही. मी मेथी निवडत ऐकला.
जुडी संपली तरी बोटं चालूच.

पाचव्याला मी परात खाली ठेवली.

ठोक्याच्या खाली, खूप खाली, एक लंगडी फिरकी.
टक टक टक टक टक टक,
आणि सातव्याला केसाएवढा उशीर.
हा सातवा दात मी ओळखते.
तीन नंबर लाईनचा प्रेस.
गिअर बदला, दोनदा लिहून दिलं होतं मी,
दोनदा वरून उत्तर आलं, बघू.
मग कंपनीच गुजरातेत गेली
आणि प्रेस भंगारात, किलोच्या भावाने.

कुठे मिळालं तुला हे?
रितेन दाराच्या कडीशी खेळायला लागला.
बाबांना डबा द्यायला यायचो ना, नववीत,
मागच्या खिडकीतून मोबाईल आत धरायचो.
वाशीला परवा चारशे पोरं नाचली ह्याच्यावर,
पण तिथे आली की अडखळतात काकी.
सरळ करू का? एका मिनिटाचं काम आहे.

मी कानामागचं हाड चोळलं.
सव्वीस वर्षांत नापास माल
मी एकदाही पुढे जाऊ दिला नव्हता.

राहू दे, म्हटलं.
बाबांना ऐकवलंस?
त्यांना आता ऐकूच येत नाही फारसं, तो म्हणाला,
प्रेसवरच होते ना तेवीस वर्षं.

कुकर बंद केला. पदर खोचला.
माळ्यावर निळी पिशवी आहे, त्यात गज आहे माझा.
तो उतरव, आणि चल तुझ्या घरी.