उत्तर द्यायचं नसल्यास पुढे जा

सहभागी क्रमांक अडतीस. जेल रोड, दुसरा मजला, लिफ्ट नाही.
जिन्यातच सून भेटली, रोहिणी,
हळू आवाजात: त्यांना फक्त गाठ माहितेय.
तुमच्या फायलीवरचं ते नाव झाका.

मी खाकी कागद मागितला.
शाळेच्या वहीला घालतात तसं कव्हर घातलं
पायरीवर बसून, चार कोपरे दुमडून.

आत कॉटवर कापडणीस काका. शेजारी बशीत
डाळिंबाचे दाणे आणि मॉर्फिनची गोळी.
ती ते भोंगा झाल्यावरच घेतात,
डॉक्टरांनी वेळ काहीही लिहू दे.

"मागच्या चोवीस तासांतलं दुखणं,
शून्य ते दहा, किती म्हणाल?"

एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात, तपासणीला.
शाई फुटलेली, कड तिरकी, एखादा आकडा पुसट,
अंगठ्याला आधी कळायचं, डोळ्याला मग.
"ताई, नुसता आकडा कसा सांगू?
आकड्याच्या आधी सिरीज असते.
दुपारचा सहा वेगळा.
रात्री तीनचा सहा,
सगळी बिल्डिंग झोपलेली, टाकीत पाणी पडतंय,
तो वेगळा.
तुमच्या कागदावर अक्षराला जागा कुठंय?"

नव्हती.
मी चौकटीत ६ लिहिला
आणि समासात, बारीक: रात्रीचा.

प्रश्न सतरा. मागच्या आठवड्यात कधी शांत वाटलं?
"मंगळवारी. रोहिणीनं पाय धुतले कोमट पाण्यानं.
बोटांच्या बेचक्यांतून साबण फिरवला.
माझ्या आईनंतर
तिथवर कुणाचा हात गेला नव्हता."
पर्याय होते: नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही.

प्रश्न बावीस. शेवटची देखभाल कुठं व्हावी?
हा मी गिळणार होते.
त्यांनी बोट ठेवलं ओळीवर, वाचलं,
आणि म्हणाले, भोंगा ऐकू येईल तिथं.
मी "इतर"वर खूण केली.

मग त्यांनी फाईल हातात घेतली,
कव्हरवरून अंगठा फिरवला,
कोपऱ्याशी थांबला.
"दुमड चांगली घातलीय तुम्ही.
खोट्या नोटेलाही कागद चांगलाच लागतो.
पण मला कळलंय हे रोहिणीला नका सांगू.
एवढी धडपड करते पोरगी."

निदानाची माहिती: रुग्णास आहे. रुग्णास नाही.
मी पेन धरून बसले.
स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली.

मार्गदर्शक सर चांगले आहेत.
म्हणाले, समासातलं विश्लेषणात धरता येत नाही,
पुढच्या वेळी दोन चौकटी ठेवू, दिवस आणि रात्र.
एकूण सहभागी एकशे बारा,
सिडको, सातपूर, भद्रकाली, पार ओझरपर्यंत.
सरासरी वेदना चार पूर्णांक सात.
हा चार पूर्णांक सात
मला कुठल्याच घरात भेटला नाही.

चौथ्या आठवड्याची भेट.
बाल्कनीत गादी उन्हात घातलेली,
मधला खळगा अजून तसाच.
"परवाच रामकुंडावर जाऊन आलो," रोहिणी म्हणाली.
अशा वेळी लिहायचं: पाठपुराव्यातून बाद, कारण क्रमांक एक.
मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

ती भांडी टाकून आलेली,
कोपरापर्यंत हात ओले.
"एक विचारू?
त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही ना?"

फॉर्मवर पहिल्याच पानावर छापलेलं असतं,
उत्तर द्यायचं नसल्यास पुढे जा.
मीच वाचून दाखवते प्रत्येक घरात,
आवाज मऊ ठेवून.

भोंगा झाला.
रोहिणी उठली, फडताळातून बशी काढली,
पदरानं पुसली,
आणि कॉटच्या दिशेनं दोन पावलं जाऊन
तिथंच उभी राहिली.