सगळं जोडून, मध्ये जागा नाही

चिलोएच्या या बाजूला टॉवर एकच,
तोही खाडीपलीकडे. धुकं पडलं की
तो आहे असं फक्त धरून चालायचं.

रविवारी अंतोफागास्ताहून इतेल्विनाचा फोन.
खाणीत ट्रक चालवते. दोन वाक्यं बोलली
की तोंड उघडं राहून पडद्यावर गोठायची,
आणि तिची आई त्या गोठलेल्या तोंडाला विचारायची,
जेवलीस का?

मी हिशेब मांडला.
खिडकीत चिमट्याला टांगलेला मोबाइल, एका दांडीचा.
शाळेचं वाय-फाय, मास्तर मुद्दाम चालू ठेवून जातात ते,
पण ते येतं फक्त कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत.
आणि दोमितिलाचं.
तिच्या छपरावर पांढरी ताटली आहे.
दोमितिला माझ्याशी चार वर्षं बोलत नव्हती.

एक ना धड, भाराभर चिंध्या, बायको म्हणाली.
चिंध्यांचीच गोधडी होते, मी म्हटलं.
शिवता येते का तुला?

कास्त्रोहून जुना राउटर आणला, तीन काड्यांचा.
चुलीपाशी तीन रात्री बसून एवढं कळलं
की तीन वाटा जोडल्या तरी
एक बोलणं एकाच वाटेनं जातं.
बाकीच्या दोन नुसत्या उभ्या असतात,
पहिली खचेपर्यंत.

मग बादलीभर शिंपले घेऊन कुंपणापाशी गेलो.
तिनं बादली घेतली नाही, नकोही म्हणाली नाही.
पासवर्ड हवा होता, मी म्हटलं.
ती बराच वेळ होडीकडे बघत राहिली.
"तुझंडुक्करचोर.
सगळं जोडून, मध्ये जागा नाही.
शेवटी सतरा."

सतरा ओळी होत्या बटाट्याच्या.
काळे, तिच्या आईच्या बियाण्याचे.
एका रात्रीत.

त्या रविवारी धुकं खाडी ओलांडून आलं,
मोबाइलची दांडी गेली, इतेल्विना गोठली.
राउटरचा दिवा पिवळा झाला, मग हिरवा,
आणि दोमितिलाच्या छपरावरून
माझी मुलगी म्हणाली, हो गं, जेवले.

राउटर जुनाच, वीज गेली की सगळं विसरतो.
मग मी चष्मा लावून पुन्हा लिहितो,
एकेक अक्षर, माझ्या डुकराबद्दल.
सात महिने झाले, तिनं तो बदललेला नाही.
बादली अजून तिच्याच ओसरीत आहे.
त्यात हल्ली कोंबड्यांचं पाणी असतं.