अट क्रमांक तीन

लेखा विभागात मी एकोणीस वर्षं पावत्या फाडतोय.
औषध कंपन्या, बिल्डर, कुणाच्या तीर्थरूपांच्या स्मरणार्थ.
धनादेशांना वास नसतो.
बायजाबाई मढवी आल्या तेव्हा मात्र
काउंटरपाशी सुक्या जवळ्याचा वास दरवळला
आणि शिपाई म्हणाला, आजी, मासळीबाजार पलीकडे.

"पलीकरे कनाला?
तुजा हा कंपुटर हाय ना,
तितं माज्या बापाच्या खाजनाची उघारी होती."

साडेबारा टक्क्यांचा भूखंड हाती यायला सत्तावीस वर्षं गेली,
विकायला एक सकाळ.
मुलांचे वाटे देऊन बारा लाख उरले होते,
ते बँकेच्या पिशवीत, पिशवी पदराखाली.
मी विचारलं, हेतूच्या रकान्यात काय लिहू?
म्हणाल्या, "तुमचा एक पोर
गुडघाभर चिखलान उभा ऱ्हाऊन भोका मोजतंय.
चार दिस बघतंय मी त्याला. उपाशी दिसतंय."

तो प्रणय मेश्राम, गोंदियाचा.
इथं येईपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता,
ऐरोलीच्या खाडीत निवट्यांवर पीएचडी करत होता
आणि आठ महिने शिष्यवृत्ती अडकली होती.
फाइल माझ्याच टेबलावर होती.
हे मी बायजाबाईंना सांगितलं नाही.

अट एक : पाटी नको, नाव नको.
अट दोन : अर्धं व्याज गाण्याला.
गोठिवलीची धवलारीण कमळीबाई, तिचा दम टिकतोय तोवर
संगीत विभागातल्या कुणीतरी शेजारी बसून
लग्नाचे धवले उतरवून घ्यावेत.
अट तीन : पोराने वर्षातून एकदा माझ्या ओट्यावर यावं
आणि काय सापडलं ते मला कळेल असं सांगावं.

तिसरी अट नमुन्यात बसत नाही, विश्वस्त म्हणाले.
मी ती टाइप केली. अंगठा जरा तिरका पडला.

पहिल्या वर्षी प्रणय लॅपटॉप घेऊन गेला,
चाळीस पानं, रंगीत आलेख.
ती सुपात जवळा निवडत होती.
त्यानं लॅटिन नाव घेतलं. "निवटी बोल," ती म्हणाली.
त्यानं सांगितलं, पुलाखाली बिळं निम्मी झालीत.
ती हसली नाही.
"कवा मोजलंस? पुनवेच्या उधानाला?
तवा त्या बिलाच्या तोंडाला चिखलाचा बूच लावतान.
दार लावलेलं घर तुला रिकामा दिसला."

सगळे तक्ते पुन्हा.
गाइड चिडले, एक वर्ष वाढलं,
समितीने मुदतवाढीचं कारण मागितलं
आणि मी नोंदवहीत लिहिलं : देणगीदाराने चूक दाखवली.
एकोणीस वर्षांत असं वाक्य
मी दुसऱ्यांदा लिहिलेलं नाही.

कमळीबाईंचे एकसष्ट धवले मिळाले.
बासष्टावा अर्धा आहे. त्यात मध्येच खोकला,
मग कुकरची शिट्टी, मग विदुलाचा आवाज : राहू दे मावशी, उद्या.
विदुलाने तो तुकडा कापला नाही.

बायजाबाई भाद्रपदात गेल्या.
लेखापरीक्षकाने लाल पेनाने विचारलंय :
दाता मयत, अट तीनचं पालन अशक्य, वगळावी का?

मी उत्तर अजून दिलेलं नाही.
काल प्रणय गेला होता दिवेगावात, सवयीने.
ओट्यावर सून बसली होती.
तिनं चहा टाकला, सगळं ऐकून घेतलं,
अमावास्येनंतरचे आकडेसुद्धा,
आणि कप उचलता उचलता विचारलं,
निवटीला ऐकू येतं का रे?

प्रणयला माहीत नव्हतं.
आज सकाळी त्यानं पुढच्या वर्षाचा अर्ज आणून दिला,
संशोधनाचा विषय या रकान्यात
तिचा प्रश्न, तसाच, मराठीत.
मी आवक शिक्का मारला.