मातृभाषेचा रकाना

बुधवार, नंदुरबारला दाखल्याचा दिवस.
दुरकीबाई आणि खुमान पाड्यावरून पहाटे तीनला निघाले,
डांबर लागेपर्यंत पायी, मग जीपच्या टपावर,
नऊला सिव्हिलच्या बाकावर हजर.
मी शहाद्याहून एसटीनं. मलाच उशीर झाला.

खुमान एकोणीस वर्षांचा आहे.
चार बकऱ्या मोजतो, पाचवी आली की हसतो.
शर्टाची बटणं अजून आई लावते.
हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे म्हणणार आहे
त्याचा अर्थ, त्याला काही झालेलंच नाही,
असा नाही.

टेबलापलीकडच्या मॅडम चांगल्या होत्या,
थकलेल्या, पण चांगल्या. पंखा त्याच्याकडे वळवला.
मग चित्रं: फ्रीज. सिग्नल. छत्री.
छत्रीला तो काहीतरी म्हणाला.
मला कळलं नाही. मी दुरकीबाईंकडे पाहिलं.
त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, पानांचं ते,
पाठीवर घेतात, भात लावताना.
इरलं, मी म्हटलं. इरलं म्हणतोय तो.
तोवर फुली मारून झाली होती.

आठवड्याचे वार सांग.
त्यानं बाजार सांगितले. धडगाव, मोलगी,
एक गाळला, एक दोनदा आला,
मध्येच भोंगऱ्या घातला, जो वर्षातून एकदाच येतो
आणि ज्याची तो उरलेलं वर्ष वाट बघतो.
फुली.
या फुलीतलं किती त्याचं, किती टेबलाचं,
हे मोजायचा तक्ता मॅडमकडे नव्हता.
माझ्याकडेही नव्हता.

मला तरी कळायला हवं होतं.
अमळनेरला दुसरीत असताना मी
'मना दप्तरमा शे' म्हटलं, आणि गुरुजींनी
अख्ख्या वर्गाला हसू दिलं.
आता मीच बाई झाले, विशेष शिक्षिका,
सहा वर्षं त्या पाड्यावर जाते,
आणि पावरीतले माझे शब्द बोटांवर संपतात.
खुमानला मराठीतले त्याहून जास्त येतात.

पहिल्या वर्षीच्या अहवालात मी लिहिलं होतं:
'मुलास दोरीने बांधून ठेवतात. पालकांचे समुपदेशन आवश्यक.'
समुपदेशनाला पावरीत काय म्हणतात, विचारलं नव्हतं.
मग मोहाच्या दिवसांत एकदा उजाडायच्या आत पोचले.
घळीच्या अगदी काठावर झाड, खाली फुलांचा खच,
आणि दोरी, जुन्या लुगड्याची, पिळून मऊ झालेली,
एक टोक खुमानच्या कमरेला
दुसरं दुरकीबाईंच्या.
ती वाकली की तो वाके.
दोघं वेचत होती.

तो अहवाल मी बदलला नाही.
असेल कुठल्याशा फायलीत.

बडव्याला दोन कोंबड्या दिल्या होत्या त्यांनी,
सिव्हिलला पाच झेरॉक्स.
बडव्यानं निदान विचारलं तरी त्यांच्या भाषेत.

तीन वाजता आकडा आला. पंच्याहत्तर टक्के.
पेन्शन लागेल, मी म्हटलं, पासवर निम्म्याहून कमी भाडं.
दुरकीबाईंनी कागद उलटा करून पाठही पाहिली.
म्हणाल्या, आणि राहिलेले पंचवीस?
त्यांचं काय करायचं?

मी कागद घेतला. नाव 'कुमान' पडलेलं.
आणि खाली, मातृभाषेच्या रकान्यात: मराठी.
अक्षर माझं.
सकाळी मागे रांग होती, घाई होती,
दुसरं काही लिहायचं सुचलंच नाही.

स्टँडवर ऊन कडक. मी छत्री उघडली.
खुमाननं बोट केलं आणि तोच शब्द म्हणाला.
मी म्हणून दाखवला.
त्यानं मान हलवली.
पुन्हा म्हटला. पुन्हा नाही.
तिसऱ्यांदा मी चुकले तेव्हा त्यानं माझ्या तळहातावर
बोटानं एक रेघ ओढली, मग तिच्यावर दुसरी,
आडवी.

गाडी लागली. गर्दीत शिरण्याआधी
दुरकीबाईंनी पदराचं टोक त्याच्या मनगटाला गुंडाळलं.
मी छत्री मिटून मागे उभी,
तोंडातल्या तोंडात तो शब्द घोळवत.