जाहीर करण्यासारखं काही

पहाटे साडेतीनला ओरुरो सोडलं.
रोमुलोनं टपावर रबरी मगर बांधली,
हवा नसलेली, गुंडाळलेली.
तिचा एक डोळा काचेवर लोंबत राहिला
अख्खा प्रवास आमच्याकडे बघत.

मागे यारा आणि धाकटा एलियो,
एकाच पांघरुणात, पाय एकमेकांच्या तोंडाशी.

मी पाचवी ब ला शिकवते.
दर तेवीस मार्चला फळ्याची डावी कड
निळ्या खडूनं घासून भरते
आणि सांगते, हा आपला होता.
बाई, तुम्ही पाहिलाय?
मी म्हणते, वह्या काढा.

तांबो केमादोला ट्रकच ट्रक.
ड्रायव्हर चाकांना टेकून गरम रस्सा पितायत.
साडेचार हजार मीटरवर
श्वास हप्त्याहप्त्यानं मिळतो.
चिप्सचं पाकीट फुगून टम्म.
एलियो ते कानाशी धरतो,
ह्यात समुद्र वाजतोय म्हणतो.
यारा म्हणते, गप, मीठ आहे ते.

पलीकडे चिलीचा फॉर्म.
जाहीर करण्यासारखं काही?
फळं? बियाणं? चीज? कोकाची पानं?
कुत्रा पिशव्या हुंगतो, मन लावून, कसलंही वैर नसल्यासारखा.
संत्री गेली. उकडलेली कणसं गेली.
सासूबाईंचं चीज गेलं, फडक्यासकट.
(फडकं परत मागितलं. मिळालं नाही.)

येण्याचं कारण?
गणवेशातलं पोरगं, विशीतलं,
वाऱ्यानं ओठ फुटलेलं.
माझ्या जिभेवर एकशे चाळीस वर्षं, तारखांसकट,
तोंडपाठ.
मी म्हटलं, सुट्टी.
किती रात्री?
चार.
शिक्का.

मग नुसता उतार.
कान बंद, कान उघडे, पुन्हा बंद.
पाण्याची रिकामी बाटली आपसूक चेपत गेली,
कडकड आवाज करत,
कुणी हात लावला नव्हता तिला.
निवडुंग आले, मग तेही संपले.
खाली आरिकावर धुकं,
इतकं की समुद्र दिसलाच नाही.
वास आला आधी. रोमुलो म्हणाला, गाडीतलं काही नासलं का?

हॉटेलात मनगटाला नारिंगी पट्टी बांधणारी मुलगी
माझं एक वाक्य ऐकून थांबली.
तुम्ही ओरुरोच्या ना?
ती काराकोयोची. सेवेरिना. इथे तिसरं वर्ष.
मग काय, रोज पाण्यात?
ती हसली. टॉवेल कोण मोजणार, बाई?
ह्या पट्टीवर नाश्ता, दोन पेयं
आणि समुद्र. भिजली तरी सुटत नाही.

दुपारी धुकं फाटलं.
रोमुलोची छाती डोंगरावरची,
सहा फुंकरांत मगर उभी.
पोरं किंचाळत गेली.
मी काठावर थांबले.
मला वाटलं होतं मला काहीतरी होईल.
घोटे गार पडले. एवढंच.
एक बाई नातवाला जर्सी घालत होती, तिकडचीच, लाल,
तिनं मला अर्धं कलिंगड दिलं.
मी ते खाल्लं. गोड होतं.

आणखी चार पावलं गेले तर शिट्टी वाजली.
जीवरक्षक ओरडला,
बाई, मागे या, इथे फार ओढ आहे!
मी म्हटलं, ठाऊक आहे.
लाटेत त्याला ऐकू गेलं नसावं.

शेवटच्या रात्री, पाळी संपल्यावर,
सेवेरिना बूट हातात घेऊन आली.
गुडघ्यापर्यंत गेली, तिथेच उभी राहिली.
मी तिचे बूट धरले.
मोजे आत कोंबलेले, एकाला ठिगळ.
आम्ही काही बोललो नाही,
बोललो ते पगाराबद्दल.

मार्चात पोरं पुन्हा विचारतील.
वह्या काढा, म्हणेन मी बहुधा.
पण खडू बदलावा लागेल.
ते पाणी निळं नव्हतं,
हिरवट होतं, आणि काठाशी
चक्क तपकिरी.