येणारं पाणी, जाणारं पाणी

तीन वर्षं मी म्हणत होते, गच्चीतून गळतंय.
सोसायटीच्या सभेत म्हटलं, जिन्यात म्हटलं,
वॉचमनलाही सांगितलं, त्याचा काही संबंध नसताना.
मी तिसऱ्या मजल्यावर. माझ्या वर अजून एक बिऱ्हाड.
गच्चीचं पाणी आम्हा दोघांना ओलांडून
दुसऱ्या मजल्यावर नेमकं कसं उतरतं,
हे मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

खालच्या तांडेलबाई म्हणत, तुमच्या नहाणीतून.
मग आम्ही काहीच म्हणेनाशा झालो.
भाजीच्या गाडीवर एकीनं कोथिंबिरीला हात घातला
की दुसरी कांद्यांकडे वळायची.

शेवटी निरंजन बेहेरा आला. मूळचा केंद्रापाड्याचा,
एकोणीस वर्षं विक्रोळीत,
मराठी पाइपासारखी, तुकडे जोडत शिकलेला.
बॅटरी, पितळेची एक कांडी, एक काचेची बाटली.
हातोडा आणलाच नव्हता.
"आधी बघायचं, मग तोडायचं," म्हणाला,
"लोक उलटं करतात. मग मला बोलावतात."

सगळे नळ बंद करायला लावले. पंखासुद्धा.
कांडीचं एक टोक भिंतीला, एक कानाला,
डोळे मिटून उभा राहिला,
डॉक्टरांसमोर बसल्यासारखी मी स्टुलावर.
"भिंत गप्प आहे. येणारं पाणी शहाणं आहे.
आता जाणारं बघू."

बाटलीतलं जांभळं नहाणीच्या जाळीत ओतलं,
वरून दोन बादल्या.
आणि मला म्हणाला, चला खाली.

तांडेलबाईंनी दार उघडलं. निरंजनला बघून, मला नाही.
आतल्या खोलीत छतावर तो डाग,
कडांना पिवळट, मधे करडा,
मी तीन वर्षं ज्याच्याविषयी भांडले
आणि एकदाही पाहिला नव्हता.

खाली तिघे, माना वर.
किती वेळ गप्प बसणार माणूस?
बाईच बोलल्या, छताकडे बघत:
"यांचा पलंग इथेच होता. शेवटचे सात महिने.
म्हणायचे, ही बघ रेवदंड्याची खाडी,
हा आपला बंदर, इथे दादाची होडी लागायची.
पावसात किनारा सरकला की
मला हाक मारून दाखवायचे."

मी हातातल्या किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या.

मग खाडीच्या जरा आत, गावाच्या अंगाला,
एक जांभळा ठिपका आला.
फुगला. थांबला. पडला,
थेट माझ्या चपलेशेजारी.

निरंजननं घड्याळ पाहिलं, वहीत लिहिलं:
बेचाळीस मिनिटं. जाळीखालचा सांधा. चार फरश्या.
बोटांच्या पेरांनी गिलावा वाजवत सरकला,
एका जागी आवाज पोकळ.
"सळईला गंज धरतोय. आणखी दोन पावसाळे,
आणि हे सगळं खाली."
खाली म्हणजे कुठे ते त्याला माहीत नव्हतं.
आम्हा दोघींना होतं.

चार फरश्या.
मी अख्खी नहाणी खणली जाईल म्हणून घाबरले होते,
हंडे, धूळ, पंधरा दिवस शेजारी आंघोळी,
आणि खरं सांगायचं तर चूक निघेल म्हणूनही.

काम दीड दिवसात झालं. पोकळ जागी नवा गिलावा.
छत सुकलं. पण रंगाऱ्याला बाईंनी परत पाठवलं,
"आतून ओल जाऊ दे पुरती. दिवाळीनंतर बघू."
दिवाळी होऊन गेली.
मीही विचारत नाही.

परवा वर आल्या, निरंजनचा नंबर मागायला.
त्यांच्या मोरीखाली, पहिल्या मजल्यावर,
कुणाच्या भिंतीला म्हणे पापुद्रे धरलेत.
"मी सांगून टाकलं त्यांना," म्हणाल्या,
"गच्चीतून असेल."
आणि मी हसेपर्यंत
माझ्याकडे बघत राहिल्या.